विरजणसाहेब

रोह्यात मी टिकले ती विरजणसाहेबांमुळे, हे आधी सांगून टाकते. बाकीचं मग. मी बोलायला लागले की भरकटते आणि ज्याचं नाव पहिलं घ्यायचं तेच शेवटी राहून जातं, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. आता नाव म्हणजे तरी काय, त्यांचं खरं नाव टेबलावरच्या पाटीवर इंग्रजीत होतं आणि मला तेव्हा ते वाचता येत नव्हतं. सगळी कंपनी त्यांना विरजणसाहेब म्हणायची, कोणी तोंडावर, कोणी पाठीमागे. त्यांना दोन्ही चालायचं.

आमची कंपनी पुठ्ठ्याची. ट्रकनं रद्दी यायची, हौदात भिजायची, घुसळून तिचा लगदा व्हायचा आणि दुसऱ्या टोकाला खोक्यांचा पुठ्ठा निघायचा. या सगळ्याला पाणी लागायचं ते अफाट. आमच्या परभणीकडच्या गावात आख्ख्या आळीची लग्नं उरकतील एवढं पाणी तिथं एका दमात हौदात पडायचं. वापरून झालेलं पाणी राखाडी, पेजेसारखं दाट, कंपनीच्या मागच्या अंगाला वाहत जायचं. ते स्वच्छ करून पुन्हा रद्दी भिजवायला पुढे धाडायचं, हे साहेबांचं काम. इंजिनियर होते, मुंबईला शिकलेले. बोलणं मात्र वडखळपलीकडच्या खाडीकाठचं, जसंच्या तसं. मॅनेजर पुण्याकडचे होते. साहेब बोलायला लागले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, ती मला लांबून दिसायची.

मी शाळा सातवीत सोडलेली, इंग्रजी डोक्यात शिरलंच नव्हतं. नवरा बॉयलरवर लागला म्हणून मागोमाग आले. इथं सगळंच वेगळं. हवा दमट, भात जाड, बोलणं झपझप. मी "लई" म्हटलं की बाया हसायच्या. ठेकेदारानं मला मागच्या अंगाला झाडलोटीसाठी पाठवलं, तेव्हा साहेब हौदाच्या कठड्यावर बसून डब्यातला दहीभात खात होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "दही लागलं नाय तर काय करतेस गो?"

मला वाटलं, चेष्टा चाललीय. पण घाबरलेल्या माणसाला खोटं सुचत नाही. मी म्हटलं, "पुन्हा लावते. ऊब कमी पडली आसंल, न्हाई तर विरजण जुनं झालं आसंल."

"फेकून नाय देत?"

"दूध फेकून कसं भागंल, साहेब."

तेव्हा त्यांनी मान वर केली. झाडू बाजूला ठेवायला सांगितला आणि मला त्या मोठ्या गोल हौदाशी नेलं. आत तपकिरी पाणी खदखदत होतं, उकळल्यासारखं, पण गार. खालून नळ्यांतून हवा सोडलेली होती. ते म्हणाले, हे आपलं विरजण. यात बारीक जीव हायत, डोळ्यांना दिसत नायत. आलेल्या पाण्यातली घाण खातात, वाढतात, जड होतात, पुढच्या हौदात तळाला बसतात, नि वर नितळ पाणी उरतं. तळाला बसलेलं थोडं काढून पुन्हा इथं आणून घालायचं, उद्याच्या पाण्यासाठी. रोज. एक दिवस जरी मेलं तरी उद्याचं दही लागणार नाय.

मला सगळं समजलं असं नाही. पण आदल्या दिवशीचं थोडं राखून ठेवायचं, हे मात्र आईच्या हाताखालीच शिकले होते. दुसऱ्या दिवसापासून मी झाडू मारत नव्हते, हौद राखत होते. ऑपरेटर दहावी पास लागतो म्हणून मॅनेजरांनी हरकत घेतली. साहेबांनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण माझं नाव ठेकेदाराच्या झाडलोटवाल्यांतून ऑपरेटरांत गेलं. त्या दिवसापासून मला एकच धास्ती, कोणीतरी येऊन मला कशावरचे तरी इंग्रजी आकडे वाचायला लावील. साहेबांना ते न सांगता कळलं असावं. एका सकाळी आले, रंगाचा डबा नि ब्रश घेऊन, आणि हवेच्या पंपाच्या काट्याखाली त्यांनी हिरवा पट्टा ओढला, त्याच्या पुढे लाल. म्हणाले, "दूध तापवताना घड्याळ बघतेस काय? उतू जायला लागलं की कळतं ना. तसं हाय हे."

सांडपाणी या शब्दावर त्यांचा राग होता. कोणी म्हटलं की हातातलं काम टाकून विचारायचे, "सांडलं कोणी?" समोरचा गोंधळायचा. मग म्हणायचे, सांडतं ते चुकून. हे आपण मुद्दाम सोडतो, मग सांडपाणी कशाला म्हणता. ते स्वतः फक्त "आलेलं पाणी" आणि "गेलेलं पाणी" म्हणायचे. गेलेलं म्हणजे पुन्हा मशीनला गेलेलं. नाल्यात जायच्या पाण्याला त्यांच्याकडे शब्दच नव्हता. ते येण्याआधी एका जुन्या पाइपातनं कंपनीचं पाणी मागच्या नाल्याला जायचं आणि नाल्यातनं नदीला. तो पाइप त्यांनी झडप घालून बंद केला होता आणि झडपेच्या चाकाला साखळी गुंडाळली होती, सायकलची.

त्यांची सगळ्यात अवघड सवय म्हणजे बरणी. हौदातलं खदखदतं पाणी एका लांब काचेच्या बरणीत भरायचं, टेबलावर ठेवायचं, आणि अर्धा तास नुसतं बघत बसायचं. चांगलं विरजण असलं की तपकिरी गाळ हळूहळू खाली बसत जातो, चादर अंथरल्यासारखा, आणि वरचं पाणी नितळ होत जातं. त्या अर्ध्या तासात ते बोलायचे नाहीत आणि दुसऱ्या कोणालाही बोलू द्यायचे नाहीत. मॅनेजर आले तरी बोटानं खुर्ची दाखवायचे. एकदा मुंबईहून कोणी मोठे साहेब आले होते, त्यांनाही बसवून ठेवलं. त्यांनी घड्याळ बघितलं तर साहेब हळूच म्हणाले, "त्याच्याकडे नको, हिच्याकडे बघा." बरणीकडे. पाहुणे निघाले तेव्हा मॅनेजरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

नाकही तसंच. हौदाच्या कठड्यावर वाकून वास घ्यायचे, भाजीवाल्याकडे मेथीची जुडी हुंगावी तसे. जिवंत विरजणाला नुकत्या खणलेल्या मातीसारखा वास येतो. मलाही तो हळूहळू ओळखू येऊ लागला, पण घरी हे बोलायची सोय नव्हती. जेवताना नवरा म्हणायचा, "गटाराचं कौतुक ताटावर नको."

हे सगळं त्यांच्यात कुठून आलं, याचं मला फार कुतूहल होतं. विचारलं तर सरळ उत्तर मिळायचं नाही. एकदा मात्र बोलले. वडील मिठागरात राबायचे. भरतीचं पाणी कोंडायचं, एका वाफ्यातनं दुसऱ्या वाफ्यात सोडायचं, उन्हात आटवायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ. लहानपणी ते विचारायचे, बाबा, पाणी कुठं गेलं? बाप म्हणायचा, गेलं वर. "तवापासनं माझ्या डोक्यात तेच हाय," ते म्हणाले. "मीठ सगळ्यांना पायजे. पाण्याचं कोण विचारत नाय." एवढं बोलून डबा उघडला. डब्यात रोज दहीभातच. पेणला एका खोलीत एकटे राहायचे, सकाळच्या एसटीनं यायचे, मांडीवर डबा. त्यातलं दही आयशीनं लावलेल्या दह्याचंच पुढे चालत आलेलं आहे, असं सांगायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. खरं की खोटं, मी विचारलं नाही.

जोह्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या पाण्यात कागदाचा अगदी बारीक लगदा वाहून यायचा. तो इतका बारीक की पुठ्ठ्याला निरुपयोगी. पहिल्या हौदात खाली बसायचा आणि त्याचे ढीग साचायचे. पुढच्या हौदांच्या विरजणाशी त्याचा संबंध नव्हता, नुसता भिजका कागद. साहेबांना तो टाकवेना. एके रविवारी पिशवीत भरून ते पेणजवळच्या जोह्याला घेऊन गेले, गणपतीच्या कारखान्यात, आणि पिशवी धरायला म्हणून की काय मलाही नेलं. वाट त्यांना पाठ होती. कारखाना चालवणाऱ्या बाईला सगळे काकी म्हणायचे. ती रंगवायच्या कामात होती.

साहेबांनी लगदा तिच्या हातावर ठेवला. "बघ गो काकी, लोणी हाय."

काकीनं बोटांत चोळून बघितला. तिला आवडला हे दिसत होतं. "झ्याक हाय. हलका होईल बाप्पा. कुठला म्हणायचा?"

"आमच्या हौदाच्या तळाचा."

काकीनं हात साडीला पुसला. "म्हंजे गटाराचा. याचा बाप्पा मी नाय करायची."

साहेबांनी तिला हौद, गाळणं, धुणं, सगळं समजावून सांगितलं. काकी ऐकत होती आणि ब्रश चालवत होती. शेवटी म्हणाली, "तू लाख धू. देव कशातनं आला ते त्याला ठावं असतं." साहेबांनी लगदा पिशवीत परत भरायला घेतला. मग काकीलाच वाईट वाटलं असावं. तिनं कोपऱ्याकडे मान केली. तिथं मखरात ठेवायचे डोंगर वाळत होते, कैलासाचे. "डोंगर करून देते. डोंगराला काय, सगळंच चालतं."

त्या वर्षीपासून आमच्या लगद्याचे डोंगर झाले. कंपनीच्या गणपतीमागेही एक होता, निळसर, वर पांढरी टोकं. लोक मूर्तीच्या पाया पडायचे. साहेब वाकून मखरात हात घालायचे आणि डोंगराला बोट लावून बघायचे, चिरा गेल्यात का ते.

आता ते दोन दिवस.

सकाळी कामावर आले आणि हौदापाशी पोचायच्या आधीच कळलं, वास नाही. म्हणजे मातीचा वास नाही. काहीतरी साबणासारखं, घशात बसणारं. वर पांढरा फेस आलेला. पुढच्या खात्यात वर्षाची सफाई झाली होती आणि मशीन धुतलेलं कॉस्टिक सोड्याचं सगळं जहाल पाणी कोणीतरी एकदम मागे सोडून दिलं होतं. साहेब एसटीतून उतरून आले, डबा हातातच. रंग बदलणाऱ्या कागदाची पट्टी पाण्यात बुडवली, ती गर्द निळी झाली. बरणी भरली. अर्धा तास बसलो. काहीच खाली बसलं नाही. नासलेल्या दुधासारखं सगळं गढूळ, तसंच्या तसं.

"मेलं," ते म्हणाले.

मॅनेजर आले. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडायचे नाहीत. शांतपणे म्हणाले, मशीन मी एक दिवस बंद ठेवू शकतो, दुसरा नाही. उद्या दुपारपर्यंत हे चालू झालं नाही तर जुना पाइप उघडा. नदीचं पाणी घेऊन आपण पूर्वीसारखे चालू. आणि एकदा पूर्वीसारखं चालू झालं की मग, माझ्याकडे न बघता म्हणाले, या बाजूला एवढी माणसं ठेवायचं कारण उरत नाही.

एवढी माणसं म्हणजे मीच. हौदावरचे बाकीचे दोघे ऑपरेटर कंपनीचे कायम, त्यांना दुसरीकडे घेतलं असतं. मला ठेकेदाराकडे परत, आणि सातवी शिकलेल्या बाईला ठेकेदार पुन्हा झाडूच देणार, तोही मिळाला तर. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात खोलीचं भाडं निघत नव्हतं. परभणीला परत जायचं म्हणजे कशाला जायचं, हेही ठाऊक नव्हतं. साहेब काय करतात ते मी दिवसभर बघत राहिले, आणि हात चालवत राहिले.

त्यांनी जपून ॲसिड सोडलं, हळूहळू, पट्टी निळीची हिरवी होतेय का ते बघत. गावातून शेण मागवूया, असं एकानं सुचवलं. ते म्हणाले, शेणानं लागेल, पण पंधरवडा जाईल. तयार विरजण पायजे. आणि ते कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. पलीकडच्या गल्लीत एक लहान कंपनी होती, तिच्या हौदावर एक मामा होते, रोह्याजवळच्या गावचे, घरी वालाची शेती असलेले. काही वर्षांपूर्वी त्यांचा हौद नवा होता तेव्हा त्यांनी आमच्याकडून विरजण नेलं होतं. साहेबांनीच त्यांना शिकवलं होतं सगळं, शब्दासकट.

आम्ही टेम्पोत रिकामे ड्रम घालून निघालो तोवर संध्याकाळ झाली होती. मामा हौदाशीच होते. आनंदानं पुढे आले, चहा मागवला. साहेबांनी काम सांगितलं. मामांचा चेहरा पडला. त्यांनी वर बघितलं. गल्लीतले दिवे नुकतेच लागले होते.

"साहेब, तुमचंच हाय ते," मामा म्हणाले. "पण आता दिवे लागले. दिवेलागणीनंतर विरजण देत नायत."

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण नाही. मामा हात जोडून उभे होते आणि खरोखर अवघडले होते. आमच्याकडेही हे पाळतात. तिन्हीसांजेला शेजारीण वाटी घेऊन आली तर आई दारातूनच परत पाठवायची, की घरातली बरकत जाते. पण हे दही नव्हतं. हा कंपनीचा गाळ होता. आणि याला विरजण म्हणायला साहेबांनीच शिकवलं होतं.

साहेबांनी नुसता आपल्या मॅनेजरांना फोन केला असता तरी काम झालं असतं. दोन्ही मॅनेजर एकमेकांना ओळखत होते. गेटजवळच फोन होता, मला तो दिसत होता. मी म्हणालेसुद्धा, "साहेब, फोन लावता का?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मामांना म्हणाले, "बरोबर हाय तुझं. सकाळी येतो." चहा पूर्ण प्यायले. रिकामे ड्रम घेऊन आम्ही परत.

टेम्पोत मी तोंड फिरवून रिकाम्या ड्रमला धरून बसले. राग इतका आला होता की बोलले असते तर रडले असते. उद्या दुपारपर्यंतचा वेळ, आणि हा माणूस कोणाच्या तरी घरची बरकत सांभाळत बसलाय. त्यांना ते कळलं. मग म्हणाले, "बाय, वरून फोन लावला तर तो देईल. खाली मान घालून देईल. नि उद्यापासनं त्याच्यासाठी तो गाळ होईल. मग त्याला काय पडलीय, मेला तरी." थोड्या वेळानं पुन्हा, "द्यायला जीव वर-खाली होतो ना, म्हणून त्याचं जिवंत हाय."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. साहेब पेणला गेले नाहीत, कंपनीतच राहिले, एवढं मला नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं.

सकाळी उजाडताना आम्ही गेलो तर मामा गेटवर उभे होते. ड्रम आमचे भरायची गरजच नव्हती, त्यांनी स्वतःचे भरून ठेवले होते, अगदी आत्ताच, झाकणं उघडी, आतला जीव गुदमरू नये म्हणून. ड्रम पुरणार नाहीत म्हणून पाण्याचा टँकरही बोलावून ठेवला होता. पहिल्या ड्रमवर तुळशीचं पान तरंगत होतं. साहेबांनी ते बघितलं आणि काढलं नाही.

आमच्या हौदात ते सोडायच्या आधी साहेबांनी पट्टी बुडवली. हिरवी. काल संध्याकाळी निघताना ती अजून निळीच होती, हे मला तेव्हा आठवलं. म्हणजे काल मामांनी विरजण दिलं असतं आणि आम्ही घाईनं ओतलं असतं, तर तेही मेलं असतं. साहेबांना हे कालच माहीत होतं का? माहीत असून मामांच्या दिव्यांचा आडोसा घेतला, की मामांसाठी खरोखर थांबले आणि पट्टी आपली योगायोगानं हिरवी झाली? मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "तुला काय वाटतं?" आणि वास घ्यायला वाकले. मी अजून ठरवू शकलेले नाही.

दुपारी मॅनेजर आले. मशीन धीम्या गतीनं चालू केलं होतं. बरणी टेबलावर. साहेबांनी बोटानं खुर्ची दाखवली, आणि त्या दिवशी मॅनेजर बसले. मी उभी होते, पंपाच्या काट्याकडे पाठ करून. बराच वेळ काही झालं नाही. मग वरच्या बाजूला एक बोटभर पट्टी उजळली. मग दोन बोटं. गाळ खाली सरकत होता, अगदी सावकाश, आणि वरचं पाणी अगदी काचेसारखं नाही, पण पोहे धुतलेल्या पाण्यासारखं दिसू लागलं. मॅनेजर बरणीच्या इतके जवळ वाकले होते की त्यांच्या श्वासानं काच धुरकट झाली. उठताना म्हणाले, "ठीक आहे. पाइप राहू दे तसाच." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच माझ्याशी, "रात्रपाळीला जो असेल त्याला नीट समजावून सांगा."

मला. समजावून सांगायला मला सांगत होते. साहेब डबा उघडत होते. कालचाच होता, आंबट झाला असणार. भात ओतून दिला, पण तळाचं चमचाभर दही वाटीत राखून ठेवलं.

पुढे मी कायम झाले. पंपाच्या काट्याखालचे इंग्रजी आकडे आता मला वाचता येतात, पण पट्टे मी पुसू दिलेले नाहीत. धास्ती गेली म्हणाल तर नाही, अजून सकाळी हौदाच्या आधी नाक पुढे जातं. साहेब निवृत्त झाले आणि पेणची खोली सोडून गावी गेले, खाडीकाठी. जाताना सायकलची साखळी झडपेवर तशीच ठेवली आणि मला म्हणाले, आमच्या गावात नळ आलेत, पण नळाखालचं पाणी वाटेवर येतं, पोरं त्यातच खेळतात. तिथं लहानसा हौद करायचा हाय. ग्रामपंचायतीला पटवतोय. "झाला की निरोप धाडतो. विरजण तू आण. तुझ्याच हातचं पायजे."

निरोप अजून आलेला नाही. येईल तेव्हा मी एक दिवस रजा टाकीन, मोठा डबा भरीन, आणि रोह्याहून पहिली एसटी धरून वडखळला उतरीन. झाकण उघडंच ठेवावं लागेल. गाडीतले लोक नाकाला रुमाल लावतील, कंडक्टर बोलेल. बोलू दे. डबा मांडीवर घेऊन बसेन, आणि काही झालं तरी दिवे लागायच्या आत साहेबांच्या हातात देईन.